राज्य वन्यजीव मंडळ : यवतमाळच्या धुऱ्यावरून

वाघाचे काय करायचे, हे महाराष्ट्रात नेमके कोण ठरवते? २०१८ च्या पावसाळ्यात हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी होता. राळेगाव, पांढरकवडा आणि कळंब या तीन तालुक्यांत फिरणारी एक वाघीण मारावी की पकडावी, यावर नागपूर, मुंबई आणि दिल्लीत खल चालला होता. गावात विचारले तर उत्तर यायचे, 'सरकार'. तालुक्याच्या ठिकाणी विचारले तर 'वनखाते'. न्यायालयाच्या कागदांत 'मुख्य वन्यजीव रक्षक' असा शब्द होता. या सगळ्या गदारोळात एका संस्थेचे नाव मात्र मी कोणाच्या तोंडून फारसे ऐकले नाही. ती म्हणजे राज्य वन्यजीव मंडळ. राज्यातील वन्यजीवांसंबंधी शासनाला सल्ला देणारी ही सर्वांत वरची संस्था. खुद्द मुख्यमंत्री तिचे अध्यक्ष असतात, तरीही वाघाच्या सर्वांत मोठ्या प्रकरणात ती कोणाला आठवत नाही. असे का व्हावे, म्हणून मी कायद्याची जुनी-नवी पाने काढून बसलो. मंडळाचा इतिहास मला त्या पानांत सापडला. त्याचा अर्थ लागला तो आमच्याकडच्या पऱ्हाटीच्या वावरांत.

सुरुवात बरीच मागून करावी लागते. आपल्याकडे वन्यजीवांसाठी एकत्र येणाऱ्या मंडळींचा सर्वांत जुना चालू वारसा मुंबईचा आहे. १८८३ च्या सप्टेंबरात आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते : प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. समाजसुधारणेच्या इतिहासात ही दोन्ही नावे आपण नेहमी वाचतो, पण पशुपक्ष्यांच्या इतिहासातही ती पहिल्या पानावर आहेत याचा उल्लेख क्वचितच होतो. सोसायटीचा संसार लवकरच फिप्सन नावाच्या साहेबाच्या मद्याच्या पेढीत हलला आणि तिथे कातडी, शिंगे, अंडी, बाटलीतले साप असे सारे जमू लागले. सभासदांत शिकारी भरपूर होते. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. त्या काळी जंगल ओळखणारा साहेब हा बहुधा बंदूक घेऊनच जंगलात गेलेला असे, आणि प्राणी कमी होत चालले आहेत हे सर्वांत आधी त्यालाच कळले. मध्य प्रांतातील वनाधिकारी डनबर ब्रँडर यांचे मध्य भारतातील वन्य प्राण्यांवरचे पुस्तक १९२३ साली आले. तेही अशाच, आयुष्यभर शिकार केलेल्या माणसाचे आहे.

म्हणजे संरक्षणाची पहिली भाषा ही जंगलाला भेट द्यायला जाणाऱ्यांची भाषा होती. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचा बराच इतिहास उलगडतो.

आमचा जिल्हा तेव्हा कुठे होता? वऱ्हाड निजामाचे, कारभार इंग्रजांचा. १८६४ मध्ये आजच्या वणीच्या नावाने 'वून' जिल्हा झाला आणि १९०५ साली त्याला यवतमाळचे नाव मिळाले. त्याच्या दोन वर्षे आधी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले होते. काळ्या मातीत कापूस वाढत होता आणि कापसामागून रेल्वे, जिनिंग, बाजार आले. त्या काळात वाघ-बिबट्या मारणाऱ्याला सरकार बक्षीस देई. शेती वाढायची तर श्वापद हटले पाहिजे, हे धोरणच होते. १८८७ आणि १९१२ चे पक्षी व प्राणी संरक्षणाचे कायदे आले, पण त्यांचा रोख मुख्यतः शिकारीला हंगाम आणि परवाना ठरवून देण्याचा होता. एकाच राजवटीत एका हाताने बक्षीस आणि दुसऱ्या हाताने बंदी चालत असे, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे.

स्वातंत्र्यानंतर केंद्राने १९५२ साली भारतीय वन्यजीव मंडळ नेमले. अध्यक्ष होते म्हैसूरचे महाराज जयचामराज वाडियार. शिकारीची परंपरा असलेल्या राजघराण्यातले महाराज वन्यजीवांच्या मंडळाचे अध्यक्ष होणे, हेही त्या काळाला धरूनच होते. मुंबई राज्याने त्याआधीच, १९५१ मध्ये, वन्य पशू आणि पक्षी संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला होता. पण यवतमाळ तेव्हा मुंबई राज्यात नव्हते. आम्ही नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होतो. शेजारच्या चंद्रपूरचे ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले ते त्याच मध्य प्रदेशाच्या राजवटीत. आज आपण त्याला महाराष्ट्राचे पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणतो, पण जन्मदाखला दुसऱ्या राज्याचा आहे. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

मग १९७२. त्या वर्षीच्या देशव्यापी गणनेत वाघ निघाले अवघे १,८२७. वन्यजीव हा विषय तेव्हा राज्यांच्या यादीत होता; म्हणून संसदेला कायदा करायचा तर राज्यांच्या विधिमंडळांनी तसा ठराव करून अधिकार द्यावा लागे. कायद्याच्या प्रारंभीच असे ठराव करणाऱ्या अकरा राज्यांची नावे दिली आहेत : आंध्र, बिहार, गुजरात, हरियाणा, हिमाचल, मध्य प्रदेश, मणिपूर, पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल. महाराष्ट्राचे नाव त्या यादीत नाही. पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, महाराष्ट्राने हा कायदा आपल्याकडे लागू केला. तेव्हाचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आमच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे. दुष्काळाने राज्य होरपळत होते, रोजगार हमीची कामे चालली होती आणि संकरित बियाण्यांचा हा खंदा पुरस्कर्ता राज्याला धान्यात स्वयंपूर्ण करण्याच्या ध्यासात होता. त्यांच्या जन्मदिवशी, १ जुलैला, आपण कृषिदिन पाळतो. वन्यजीवांचा कायदा महाराष्ट्रात आला तो एका शेतकरी मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीत, ही नोंद मला महत्त्वाची वाटते. का, ते पुढे येईलच.

त्या कायद्याच्या सहाव्या कलमाने प्रत्येक राज्यात एक वन्यजीव सल्लागार मंडळ आले. अध्यक्ष वनमंत्री, सोबत विधिमंडळाचे दोन सदस्य, वनखात्याचे अधिकारी आणि शासनाच्या मते वन्यजीव रक्षणात रस असलेली काही माणसे. 'रस असलेली' हा शब्दप्रयोग कायद्याचाच. या जागांवर बहुतेक करून निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, पक्षितज्ज्ञ, छायाचित्रकार, जुने शिकारी अशी मंडळी देशभर बसत आली. मराठी वाचकाला यातले सर्वांत परिचित नाव मारुती चितमपल्लींचे. वनाधिकारी आणि लेखक अशा दुहेरी नात्याने ते राज्याच्या या सल्लागार समितीचे सदस्य होते. जंगलाची बोलीभाषा, झाडांची आणि पाखरांची गावठी नावे त्यांनी मराठीत आणून ठेवली. अशी माणसे मंडळात असणे ही शोभेची बाब नव्हे. जंगलातले ज्ञान कागदावर पोहोचण्याचा तो एक मार्ग होता. पण मंडळ सल्लागार होते आणि त्याचा सल्ला बंधनकारक नव्हता. मंत्री बदलला की मंडळाची नवी रचना, आणि नव्या रचनेला वेळ. सरकारी समित्यांचे आयुष्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको.

दरम्यान दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यजीव हे विषय समवर्ती सूचीत गेले, म्हणजे दिल्लीचा शब्द वजनदार झाला. आणि १९९१ च्या दुरुस्तीने मंडळाच्या कर्तव्यांत एक नवे वाक्य आले : आदिवासी आणि वनात राहणाऱ्या इतर लोकांच्या गरजा आणि वन्यजीवांचे रक्षण यांचा मेळ घालण्याचे उपाय सुचवणे. हे वाक्य मी अनेकदा वाचले. चांगले आहे. पण ते ज्यांच्याविषयी बोलते ती माणसे वनात राहणारी आहेत. वनाच्या कडेला, धुऱ्यापलीकडे शेती करणारा माणूस त्यात कुठे बसतो?

२००२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि एप्रिल २००३ पासून ती अंमलात आली. सल्लागार मंडळ जाऊन 'राज्य वन्यजीव मंडळ' आले. वनमंत्री उपाध्यक्ष झाले आणि अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे गेले. केंद्रात तसेच राष्ट्रीय मंडळ, त्याचे अध्यक्ष पंतप्रधान. वर्षातून किमान दोन बैठका घ्याव्यात असे कायदा सांगतो. सदस्यांची यादी लांबली. ती इथे सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते या मंडळाचा सगळा स्वभाव तिच्यात आहे.

विधिमंडळाचे तीन सदस्य. वन्यजीवांवर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी. नामवंत संवर्धक, परिसरतज्ज्ञ आणि पर्यावरणवादी यांच्यातून दहा जण, आणि त्यांत किमान दोन अनुसूचित जमातींचे. वनसचिव, वनखात्याचे प्रमुख, आदिवासी विकास विभागाचे सचिव. पर्यटन विकास महामंडळाचे व्यवस्थापकीय संचालक. पोलीस महानिरीक्षकाच्या खालचा नाही असा पोलीस अधिकारी. ब्रिगेडियरच्या खालचा नाही असा सैन्यदलाचा प्रतिनिधी. पशुसंवर्धन संचालक, मत्स्यव्यवसाय संचालक. केंद्राचा एक अधिकारी. डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेचा, वनस्पती सर्वेक्षणाचा आणि प्राणी सर्वेक्षणाचा एकेक प्रतिनिधी. आणि सदस्य-सचिव म्हणून मुख्य वन्यजीव रक्षक.

पर्यटन आहे, पोलीस आहेत, सैन्य आहे, मासेमारीही आहे. शेती नाही. कृषी विभागाला या मंडळात जागा नाही, महसूल विभागाला नाही, ग्रामपंचायतीला नाही. दोन नाईक मुख्यमंत्री देणाऱ्या जिल्ह्यातून मी ही यादी वाचतो तेव्हा ही उणीव मला पहिल्यांदा दिसते. मुंबईतून वाचणाऱ्याला कदाचित ती दिसणारही नाही. यात कोणाचा कट आहे असे मला म्हणायचे नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाघाचे जे चित्र होते ते जंगलातल्या वाघाचे होते. जंगलात जाणारे कोण? आदिवासी, पर्यटक, शिकारी, चोरटे, संशोधक. त्या सगळ्यांची सोय यादीत आहे. वाघ उद्या कापसाच्या ओळींत बसलेला असेल, हे त्या चित्रात नव्हते.

मंडळ प्रत्यक्षात काय करते, तेही पाहिले पाहिजे. अभयारण्यातून रस्ता न्यायचा, कालवा काढायचा, विजेची वाहिनी टाकायची, तर तो प्रस्ताव मंडळासमोर येतो. अभयारण्याच्या सीमा, नवी अभयारण्ये, संवर्धन राखीव क्षेत्रे हे विषय येतात. डिसेंबर २०२० च्या बैठकीत चंद्रपूरच्या कन्हाळगाव अभयारण्याला आणि अनेक संवर्धन राखीव क्षेत्रांना मान्यता मिळाली. मंडळाच्या कामाचा तो चांगला दिवस म्हणता येईल. थोडक्यात, मंडळ जमिनीबद्दल बोलते, आणि तीही ज्या जमिनीवर आधीच संरक्षणाचा शिक्का आहे किंवा लवकरच बसणार आहे अशी. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या प्राण्याचा निर्णय अकराव्या कलमाखाली होतो आणि तो अधिकार एकट्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा. प्राणी पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, दुसरीकडे हलवता येत नाही अशी त्याची खात्री झाली, तरच मारण्याचा आदेश देता येतो. म्हणजे २०१८ मध्ये मंडळाचे नाव कोणी घेतले नाही यात लोकांचे अज्ञान नव्हते. कायद्यानेच ते त्या प्रश्नाच्या बाहेर ठेवले होते.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. केळापूर आणि घाटंजीच्या बाजूचे टिपेश्वर १९९७ साली अभयारण्य झाले. क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर. दक्षिणेला तेलंगणाची हद्द, पलीकडे आदिलाबादची जंगले आणि कवल. नैर्ऋत्येला उमरखेडकडे पैनगंगा अभयारण्य, पूर्वेला वणीपलीकडे चंद्रपूर. टिपेश्वरमधली काही गावे उठवली गेली, कुरण वाढले, चितळ आणि रानडुकरे वाढली आणि त्यांच्यामागे वाघ वाढले. राज्यातही तेच. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ होते. २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. संवर्धन यशस्वी झाले हे कोणी नाकारू नये. पण वाघाचा बच्चा दोन वर्षांचा झाला की आईचा इलाका सोडतो आणि नवा शोधतो. दीडशे चौरस किलोमीटरच्या अभयारण्यातून त्याला बाहेर पडावेच लागते, आणि बाहेर पडताच तो वावरात असतो.

हे वावर कसे असते, ते ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मृगाच्या पावसावर कापूस पेरतात. पोळ्यापर्यंत पऱ्हाटी कमरेला लागते, दसऱ्याला छातीला. मध्ये तुरीच्या ओळी, त्याहून उंच. धुऱ्यावर बोरी-बाभळी आणि रायमुनिया, म्हणजे पुस्तकांतली घाणेरी. नाल्याकाठी तिची अशी गच्च जाळी माजते की चार हातांवरचे ढोर दिसत नाही. दसऱ्याच्या आसपास सीतादही करून वेचणी सुरू होते आणि ती बहुतेक बायका करतात, वाकून, ओळीने, तास न् तास. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असे वाघाचे अभ्यासक सांगतात. रात्री रोही आणि रानडुकरे पिकात शिरतात, म्हणून पुरुष जागलीला जातात. गुराखी दिवसभर झुडपी रानात. म्हणजे चोवीस तासांत असा एक प्रहर नाही, जेव्हा वावरात किंवा रानात माणूस एकटा नसतो.

१ जून २०१६ रोजी राळेगाव तालुक्यातल्या बोराटी गावची एक बाई कापसाच्या वावरात मृत सापडली. तिथून ऑगस्ट २०१८ पर्यंत या पट्ट्यात तेरा माणसे गेली, असे मानले जाते. शेवटच्या एका ऑगस्ट महिन्यात तिघे. सगळे मृत्यू एकाच वाघिणीचे होते का, यावर वाद झाला, कारण जनुकीय चाचणीचा पुरावा त्यांतल्या काहींपुरताच होता. वनखात्याच्या दप्तरात तिचे नाव टी-१. शहरातल्या प्राणिप्रेमींनी तिला अवनी म्हटले. नावाचाच हा फरक पुढच्या सगळ्या भांडणाचा नकाशा आहे. बोराटी, सराटी, लोणी, विहीरगाव, पिंपळशेंडा या गावांत मात्र तिला कोणी अवनी म्हणत नव्हते. नुसते 'वाघ' म्हणत. तिला दोन बच्चे होते. आणि ती राहत होती तो सारा मुलूख कुठल्याही अभयारण्यात नव्हता : थोडे वनखात्याचे रान, थोडे झुडपी जंगल, बाकी शेते. सहाव्या कलमाच्या यादीत ज्या शेताला जागा नाही, नेमके तेच शेत.

जानेवारी २०१८ मध्ये मारण्याचा आदेश निघाला आणि न्यायालयात अडला. ४ सप्टेंबरला नवा आदेश : आधी बच्चे आणि वाघीण पकडा, जमले नाही तर मारा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आणि ११ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मग जे सुरू झाले ते अक्षरशः सैन्याच्या मोहिमेसारखे होते. शेकडो माणसे, कॅमेरे, हत्ती, इटालियन जातीचे कुत्रे, पॅराग्लायडर. वाघिणीला ओढून आणायला कॅल्व्हिन क्लाइनचे पुरुषी अत्तर. अत्तराची बातमी जगभर गेली. या मोहिमेतला एक हत्ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला साखळी तोडून पळाला आणि त्याच्या पायाखाली राळेगाव तालुक्यातल्याच एका महिलेचा जीव गेला, ही बातमी तेवढी दूर गेली नाही. वाघापासून वाचवायला आणलेल्या हत्तीने घेतलेला बळी कोणत्या रकान्यात मोजायचा, हे आजही मला कळत नाही.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती वाघीण गोळीने मारली गेली. हैदराबादच्या एका शिकाऱ्याला मोहिमेत बोलावले होते. गोळी झाडली त्याच्या मुलाने. बेशुद्धीचे इंजेक्शन आधी लागले की गोळी, रात्रीच्या वेळी गोळी का, पशुवैद्यक बरोबर का नव्हते, असे प्रश्न उठले आणि केंद्राच्या चौकशी पथकाने नियमभंगावर बोट ठेवले. केंद्रातल्या एका मंत्र्यांनी राज्याच्या वनमंत्र्यांवर जाहीर टीका केली. गावांत फटाके वाजले. तिसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, वसुबारस होती. सह्याद्रीकडच्या आदिवासी पाड्यांवर हीच तिथी वाघबारस म्हणून पाळतात. वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि आमची गुरे राख म्हणून साकडे घालतात. वाघाशी माणसाचा काहीएक करार असतो, ही त्यामागची समजूत. त्या वर्षी आमच्याकडे वसुबारसेला गाई-वासरांची पूजा नेहमीसारखी झाली. गुराख्यांनी त्या दिवशी रानाकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, त्याची कल्पना वाचकांनी करावी.

दोन महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले. उद्घाटनाच्या निमंत्रणावरून जो वाद झाला तो सर्वांना ठाऊक आहे. अखेर उद्घाटन झाले ते आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते, आणि ती कळंब तालुक्यातली होती, म्हणजे वाघिणीच्या तीन तालुक्यांपैकी एकातली. कापसाच्या वावरातले दोन मृत्यू, एक कर्जाने आणि एक वाघाने, एकाच पट्ट्यात शेजारी शेजारी होते. आमच्या चर्चेत मात्र एकाचा विषय साहित्याच्या मांडवात गेला आणि दुसऱ्याचा वन्यजीवांच्या फाइलीत.

वाघिणीच्या दोन बच्च्यांपैकी मादी डिसेंबर २०१८ मध्ये पकडली गेली आणि पेंचला नेली. मार्च २०२१ मध्ये तिला मोकळे सोडले आणि काही दिवसांतच ती मेली. त्याच्या पुढच्याच महिन्यात पांढरकवडा वनविभागातल्या मुकुटबन परिक्षेत्रात एक गाभण वाघीण गुहेत मेलेली सापडली. गळ्यात तारेचा फास, गुहेच्या तोंडाशी जाळ, अंगावर भोसकल्याच्या खुणा, पंजे कापून नेलेले. पोटात चार पिल्ले होती. २०१८ च्या वाघिणीसाठी देशभर मेणबत्त्या पेटल्या होत्या. मुकुटबनच्या वाघिणीला नावही मिळाले नाही. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की माझे मन कोणत्याच एका बाजूला ठरत नाही. गुहेच्या तोंडाशी जाळ लावणाऱ्यांची बाजू घेणे शक्य नाही. पण २०१६ ते २०१८ या काळात वनखात्यावरचा आणि एकूण संरक्षण या शब्दावरचा जो विश्वास उडाला, तो परत आणण्याची जबाबदारी कोणत्या समितीची होती, हे मला कायद्यात शोधूनही सापडले नाही.

काही बदल झाले, ते सांगितलेच पाहिजेत. मृत्यूची भरपाई वाढत वाढत २५ लाख रुपयांपर्यंत आली आहे. गावोगावी प्राथमिक प्रतिसाद दले उभी राहत आहेत. वाघ दिसला की गर्दी पांगवणे, लोकांना सावध करणे, वनखात्याला कळवणे ही कामे गावातलीच पोरे करतात. श्यामाप्रसाद मुखर्जींच्या नावाच्या जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना गॅस, कुंपण अशा गोष्टी मिळतात. २००२ च्या दुरुस्तीने 'मानद वन्यजीव रक्षक' हे पद कायद्यात स्पष्टपणे आले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत बिनपगारी माणसे या नात्याने धावपळ करत असतात. मंडळाच्या बैठकीपासून वावरापर्यंतच्या लांब वाटेवर तेच काय ते मधले ठाणे. मात्र तारेचे फास आणि कुंपणात सोडलेली वीज थांबलेली नाही. रोही-डुकरांसाठी सोडलेल्या विजेने वाघ मरतो, आणि कधी कधी अंधारात घरी परतणारा शेजारचा शेतकरीही.

आणि वाघ चालतच आहेत. २०१९ मध्ये टिपेश्वरमधल्या एका तरुण नराच्या गळ्यात डेहराडूनच्या संस्थेने रेडिओ कॉलर घातली होती. जूनमध्ये तो निघाला आणि आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असे करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर तेराशे किलोमीटर, आणि पुढे एकूण तीन हजारांवर. कॉलरच्या ठिपक्यांनी काढलेली त्याची वाट नकाशावर पाहिली तर ती नाल्यांच्या काठाने, तुरी-कापसाच्या कडेने, रात्री रात्री पुढे सरकत गेलेली दिसते. इतक्या शेतांतून तो गेला, पण त्यातल्या बहुतेक शेतमालकांना तो आपल्या वावरातून गेल्याचे कधी कळलेही नसेल. २०२१ मध्ये टिपेश्वरचा दुसरा एक वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात आला. गौताळा म्हणजे मराठवाडा-खानदेशाची सीमा.

२०२२ मध्ये कायदा पुन्हा दुरुस्त झाला. राज्य मंडळाला आता स्थायी समिती नेमता येते : वनमंत्री अध्यक्ष, सोबत मुख्य वन्यजीव रक्षक आणि मंडळाच्या सदस्यांतूनच निवडलेले जास्तीत जास्त दहा जण. कामे लवकर निघतील, हा हेतू. सहाव्या कलमाच्या यादीत कृषी विभागाला तेव्हाही जागा मिळाली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात एक वाघ कॅमेऱ्यात दिसला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिल्यावर तो टिपेश्वरचा निघाला. पुढच्या महिन्यांत येडशी-बार्शीच्या ज्वारीच्या शिवारांत त्याने जनावरे मारली. त्याला पकडून सह्याद्रीत सोडायचे ठरले, आणि त्यासाठी तिकडे पाठवलेल्या पथकांना तो बराच काळ हुलकावणी देत राहिला.